बंदूक कोणाच्या हाती? बिबट्या, शिकार आणि 'गुन्हेगार' ठरवलेली माणसे

ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात सुमारे तीन आठवड्यांत बिबट्याने तीन जीव घेतले. त्यात दोन लहान मुले होती. लोकांनी वन विभागाची गाडी जाळली, पुणे-नाशिक महामार्ग रोखला. मग शार्पशूटर आले आणि बिबट्या मारला गेला. त्या दिवसापासून आमच्या जुन्नर-आंबेगावात चहाच्या टपरीपासून ग्रामसभेपर्यंत एकच मागणी ऐकू येते. वन विभाग आम्हाला वाचवत नाही, तर आम्हाला बंदुकीचे परवाने द्या आणि बिबट्या मारायची परवानगी द्या.

ज्यांच्या घरातले मूल गेले, त्यांच्या रागाला आम्ही शहाणपण शिकवणार नाही. उसाच्या फडाशेजारी पालात झोपणाऱ्या ऊसतोड कामगाराची बायको पहाटे अंधारात बाहेर कशी जाते, हे आम्ही पाहतो. तिला कोणी 'बिबट्यासोबत सहजीवन' या विषयावर व्याख्यान देऊ नये. पण 'आम्हाला बंदूक द्या' या मागणीतला 'आम्ही' कोण, हे विचारल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही. या देशात हत्यार कोणाला मिळावे आणि कोणाला मिळू नये, हा प्रश्न नुसत्या कायद्याने कधीच सुटलेला नाही. आधी तो जातीने सोडवला आणि मग कायद्याने त्यावर शिक्का मारला. बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिनिर्मूलन' लिहिताना हे सांगितले आहे: चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गाला शस्त्र धरू दिले नाही, म्हणून इतका अन्याय सोसूनही इथे बंड झाले नाही.

आधी कायदा पाहू, कारण टपरीवरच्या चर्चेत तोच नसतो.

अमेरिकेत बंदूक बाळगणे हा राज्यघटनेतला हक्क आहे. तिथे वर्षापेक्षा जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात एकदा दोषी ठरले की केंद्रीय कायद्याने तो हक्क बहुतेकांसाठी जन्मभराचा जातो. मग शिकारीलाही बंदूक धरता येत नाही. काही राज्यांत असे लोक धनुष्यबाण किंवा जुन्या पद्धतीची ठासणीची बंदूक घेऊन शिकारीला जातात, कारण ती त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. तिथल्या तुरुंगांत कोणत्या रंगाची माणसे जास्त आहेत हे जगाला माहीत आहे, तेव्हा हक्क कोणाचा जातो हेही वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही. ती मेहेरबानी आहे, आणि मेहेरबानी नेहमी ओळखीच्या माणसावर होते. शस्त्र अधिनियम 1959 चे कलम 9 सांगते की, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावासाची शिक्षा झालेल्या माणसाला शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे बंदूक घेता, बाळगता येणार नाही. इथपर्यंत ठीक आहे. ज्याने माणसावर हात उचलला त्याच्या हातात लगेच बंदूक नको, याला आमची हरकत नाही. पण त्याच कलमात पुढे आणखी एक वर्ग आहे. शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी ज्याच्याकडून बंधपत्र लिहून घेतले आहे, त्यालाही बंधपत्राची मुदत संपेपर्यंत बंदी. यालाच गावात 'चॅप्टर केस' म्हणतात. इथे गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. पोलिसांचा अहवाल आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश एवढ्यावर भागते. 14 एप्रिलच्या मिरवणुकीच्या आधी चॅप्टरच्या नोटिसा कोणत्या वस्तीत येतात आणि कोणत्या आळीत येत नाहीत, हे वाचकांना आम्ही सांगायची गरज आहे का?

याच कायद्यात गरिबाच्या बाजूची दोन वाक्येही आहेत, ती मात्र कोणी सांगत नाही. कलम 14 म्हणते, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे कागदावर भीमाशंकरच्या पायथ्याच्या दोन एकरवाल्या महादेव कोळ्याला आणि कालव्याखालच्या वीस एकरवाल्या बागायतदाराला एकच दार आहे. प्रत्यक्षात दारावर पोलीस ठाण्याचा अहवाल बसलेला असतो. शिवाय कलम 14 मधला 'सार्वजनिक शांतता' हा शब्द इतका सैल आहे की त्यात कोणालाही बसवता येते. आणखी एक अडचण आदिवासी पट्ट्यालाच लागू होते. 1985 मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाले. वन्यजीव कायद्याच्या कलम 34 प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. आंबेगावचा पश्चिम भाग, म्हणजे जिथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी राहतात तो भाग, या वर्तुळात येतो. पूर्वेचा ऊसपट्टा येत नाही.

या भागाला निःशस्त्र करण्याची गोष्ट जुनी आहे. आंबेगावातल्या जांभोरीच्या होनाजी केंगले यांनी 1873 पासून सावकारांविरुद्ध बंड उभारले आणि 1876 मध्ये ते पकडले गेले. दोनच वर्षांनी, 1878 मध्ये, इंग्रजांचा शस्त्र कायदा आला. त्यातून युरोपियनांना सूट होती. म्हणजे साहेब शिकारीला जाणार, बिबट्या मारला तर बक्षीस मिळणार, आणि ज्यांच्या रानात तो बिबट्या राहतो त्यांनी साहेबासाठी हाकारे घालायचे. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत होता, 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यावरही बसला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, रामोशी अशा जातींवर हजेरी लागली. मूल जन्मले की गुन्हेगार. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, आपण त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतो. पण सात वर्षांत मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार अधिनियम 1959 आला. जातीचे नाव पुसले आणि त्या जागी 'सराईत' लिहिले. तुरुंगाच्या नियमांत तर जातही तशीच राहिली होती. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 ला निकाल द्यावा लागला. योगायोग बघा, शस्त्र अधिनियमही 1959 चाच आहे.

महारांची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे, म्हणून एका ओळीत. इथून जवळच भीमा कोरेगावला ज्यांच्या पराक्रमाचा स्तंभ उभा आहे, त्यांचीच सैन्यभरती इंग्रजांनी पुढे बंद केली, आणि महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल उजाडावे लागले.

आता शिकारीकडे येऊ. 'गुन्हेगार' तयार होण्याचा कारखाना खरा तिथे आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये शिकार म्हणजे केवळ बंदुकीने मारणे नाही. फासा लावणे, जाळे टाकणे, पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हेही शिकारच. बिबट्या अनुसूची एकमध्ये आहे. घोरपडही अनुसूची एकमध्येच आहे. या अनुसूचीतला प्राणी मारला तर किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे कैद आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25,000 रुपये दंड. म्हणजे कातडीच्या व्यापारासाठी बिबट्याला विष घालणारा आणि आजारी बापासाठी घोरपड शिजवणारा ठाकर, दोघांची सुरुवात तीन वर्षांपासून. अभयारण्यात शिकार झाली असेल तर प्रोबेशनचा कायदाही लागू नाही, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येत नाही. त्यावर कलम 51 चे चौथे उपकलम: अशा दोषीचा शस्त्र परवाना न्यायालय रद्द करू शकते आणि दोषी ठरल्यापासून पाच वर्षे त्याला परवान्यासाठी अपात्र ठरवू शकते.

ज्यांच्या जातीचे नावच फाशावरून पडले त्या फासेपारध्यांचे काय करायचे, याचे उत्तर 1972 च्या कायद्याने दिले नाही. पर्यायी जमीन नाही, धंदा नाही, फक्त कलम. 2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा आदिवासींना वाटले आता परंपरेने चालत आलेले हक्क मिळतील. त्याच्या कलम 3 मध्ये परंपरागत हक्कांची लांब यादी आहे, आणि शेवटी शिकारीचा, फासे लावण्याचा परंपरागत हक्क नाव घेऊन वगळलेला आहे. आम्ही त्या वगळण्याच्या विरोधात नाही. जंगले उरली नाहीत, प्राणी उरले नाहीत, शिकार मोकळी करून चालणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याचा धंदा कायद्याने गुन्हा केला त्याला त्या बदल्यात काही देणे लागते, आणि ते दिलेले नाही.

कलम 11 मधली एक तरतूद तर दहा वेळा वाचावी अशी आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने वन्यप्राणी मारला तर गुन्हा नाही. चांगली तरतूद आहे. पण तिला परंतुक आहे: त्या वेळी तो माणूस याच कायद्याविरुद्ध काही करत असेल तर ही सवलत नाही. आता असे समजा, एकाच रात्री दोघांवर बिबट्या चालून आला. एक जण आपल्या उसाला पाणी द्यायला गेलेला शेतकरी, दुसरा सशासाठी फासा लावायला गेलेला पारधी. दोघांनी हातातल्या कोयत्याने जीव वाचवला, बिबट्या मेला. पहिला घरी येईल, गावात सत्कारही होईल. दुसरा सात वर्षांपर्यंत आत जाऊ शकतो. बिबट्याने मात्र दोघांमध्ये काही फरक केलेला नव्हता.

तिकडे मुंबई-दिल्लीत बिबट्याला अनुसूची एकमधून दोनमध्ये टाकण्याची भाषा चालू आहे. बहुतेक लोकांना हा कागदी बदल वाटतो. तसे नाही. अनुसूची एकमधल्या प्राण्याला मारण्याचा आदेश फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तोही प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल आणि पकडणे किंवा हलवणे शक्य नसेल तर. अनुसूची दोनमध्ये गेला की खालच्या अधिकृत अधिकाऱ्यालाही परवानगी देता येते, आणि माणसाच्या जिवाबरोबर 'मालमत्तेला धोका' हेही कारण पुरते. परवानगी कोणाला, तर कायद्याच्या शब्दांत 'कोणाही व्यक्तीला'. ही कोणीही व्यक्ती कोण असते हे आपण पाहिले आहे. 2 नोव्हेंबर 2018 ला यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघिणीला गोळी लागली ती हैदराबादहून बोलावलेल्या खाजगी शिकाऱ्याच्या मुलाची. ज्यांच्या पिढ्या रानात गेल्या त्यांच्या हातात फासा दिसला तर गुन्हा, आणि शौकाने शिकारी झालेल्या नबाबाला सरकारी निमंत्रण. उद्या अनुसूची बदलली तर या 'कोणाही व्यक्ती'मध्ये आधीच परवाना असलेला, स्वच्छ अहवाल असलेला, पुढाऱ्यांच्या जवळचा माणूस बसेल. त्याला बिबट्या मारण्याचा अधिकार मिळेल, आणि बंदूक घेऊन रात्री शिवारात फिरण्याचाही.

शिवारात रात्री कोण कोण असते? मेंढ्या बसवलेला धनगर असतो, पालावरचे ऊसतोड कामगार असतात, पारध्यांच्या झोपड्या असतात. हलणाऱ्या उसात दिसलेली सावली बिबट्याची की माणसाची, हे ठरवणारा एकटाच असतो आणि त्याच्या हातात बंदूक असते. 'पारधी आहे, चोरीलाच आला असणार' हे वाक्य तर गावात तयारच आहे.

आमच्या कामातले एक उदाहरण सांगतो, माणसाची ओळख देत नाही. पश्चिम पट्ट्यातला एक ठाकर तरुण. पंज्याचा ठसा पाहून नर की मादी, सोबत पिल्ले आहेत की नाहीत, हे सांगणारा. सात-आठ वर्षांपूर्वी त्याच्यावर घोरपडीची केस झाली. निकाल अजून नाही, तारखा चालू आहेत. गावात बिबट्याच्या बचावासाठी तरुणांचे पथक करायचे ठरले तेव्हा त्याचे नाव आम्हीच सुचवले. 'केस आहे' म्हणून नाव कटले. शिक्षा झालेली नाही, गुन्हा सिद्ध नाही, बंदुकीचा तर प्रश्नच नव्हता. हातात काठी आणि बॅटरीच द्यायची होती. त्याच्या जागी जे आले त्यांच्याकडे मोटारसायकली आणि चांगले मोबाईल होते. पहिल्याच रात्री त्यांनी बिबट्याच्या मागे गाड्या लावून व्हिडिओ काढला. पुढे काही दिवसांनी रानात माग काढायची वेळ आली, तेव्हा याच तरुणाला रात्री अकराला घरून उठवून नेले. पथकाचे जॅकेट मात्र त्याला कोणी दिले नाही.

दोन आक्षेप येतील ते आम्हाला माहीत आहेत.

पहिला, पारधी-बहेलिया टोळ्यांनी विदर्भात वाघ मारले आहेत, त्याचे काय? मारले आहेत. मध्य प्रदेशातून आलेल्या टोळ्या पकडल्या गेल्या, शिक्षा झाल्या, त्या व्हायलाच हव्यात. पण कातडी विकत घेणारा आणि ती सीमेपलीकडे पाठवणारा व्यापारी कोणत्या जमातीचा होता, यावरून कोणी त्याच्या सगळ्या जातीची हजेरी लावत नाही. बँका बुडवणाऱ्यांच्या आडनावांवरून कोणी सगळ्या आळीची झडती घेत नाही. टोळीचा गुन्हा टोळीचा. तो जातीच्या माथी मारायचा म्हणजे 1871 चा कायदा तोंडी चालू ठेवायचा.

दुसरा आक्षेप आमच्याच लोकांचा आहे. आपण बौद्ध, पंचशील घेणारे, आपण बंदुकीची भाषा का करावी? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, असे मांडले आहे. शौकाची शिकार ही इच्छा आहे. नरभक्षक ठरलेला बिबट्या पकडता येत नसेल तर त्याला मारणे ही गरज असू शकते. ती कोणी आणि कशी पार पाडायची, हे प्रशिक्षित आणि जबाबदार सरकारी यंत्रणेने ठरवावे, गावच्या पाटलाने नाही. शिवाय आम्ही घरोघरी बंदूक मागतच नाही. गावात बंदुका वाढल्या तर त्या आधी कोणत्या वस्तीकडे वळतील याचा अंदाज आम्हाला आहे.

म्हणूनच एक विसरलेला नियम वर काढायला हवा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध नियम 1995, नियम 3. अत्याचारप्रवण क्षेत्रात सरकारला आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे जमा करता येतात, बेकायदा शस्त्रे जप्त करता येतात, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना संरक्षणासाठी परवाने देता येतात. या देशातल्या कायद्यात 'दलिताला शस्त्र द्या' असे लिहिलेले आहे! आम्ही ज्या वस्त्यांत बैठका घेतो तिथे हा नियम वाचून दाखवतो तेव्हा लोक आधी हसतात, मग पुन्हा वाचायला सांगतात. एका तरुणाने विचारले, "दादा, हे खरंच छापलंय का?" छापलेले आहे. वापरलेले मात्र त्या बैठकीतल्या कोणी पाहिले नव्हते.

आणि शस्त्र अधिनियमातली बंदी जर खरोखर माणसांच्या सुरक्षेसाठी असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरलेल्या माणसाचे नाव कलम 9 मध्ये स्पष्टपणे यायला हवे. आज ते नाही. मारहाण असेल तर तो 'हिंसा' या शब्दात येईल. पण जातीवाचक शिवीगाळ, वस्तीवर बहिष्कार, पाणी तोडणे, यांत शिक्षा झाली तर ते 'नैतिक अधःपतन' आहे की नाही यावर वकील वाद घालत बसतील. दलिताला माणूस न मानणे हे नैतिक अधःपतन नसेल, तर त्या शब्दाला अर्थ काय उरला?

बिबट्याचेही एक सत्य आहे. तो उसात आला तो आपोआप नाही. डिंभे, माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले, कालव्यांमागे ऊस आला, विघ्नहर आणि भीमाशंकर कारखाने उभे राहिले. डिंभ्याच्या पाण्याखाली जमिनी गेल्या त्या आदिवासींच्या. बिबट्याला दाट आडोसा मिळाला, पाणी मिळाले, कुत्री-शेळ्या मिळाल्या. 2001 ते 2003 मध्ये जुन्नर वन विभागात बिबटे पिंजऱ्यात पकडून लांबच्या जंगलात सोडले, तेव्हा हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने हे दाखवून दिले. म्हणजे पकडून दुसरीकडे ढकलणे हे उत्तर नव्हते. दिसेल तो बिबट्या मारणे हेही उत्तर नाही, कारण ऊस जागेवर आहे तोवर रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेणार.

पालावरच्या बाईला बंदुकीआधी संडास लागतो. ऊस तोडणाऱ्याला पत्र्याचा निवारा लागतो, आणि तो देण्याची जबाबदारी कारखान्याची आहे, मुकादमाच्या दयेची नाही. शेतकऱ्याला दिवसा थ्री-फेज वीज लागते, म्हणजे त्याला रात्री मोटार चालू करायला उसात शिरावे लागणार नाही. यातले काहीच वन्यजीव कायद्याने अडवलेले नाही. अडवले आहे ते खर्चाने आणि इच्छेने.

येत्या महिन्यात आम्ही जुन्नर आणि आंबेगावच्या दोन्ही तहसीलमध्ये निवेदन देणार आहोत. बचाव पथकांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी, पारधी तरुण मानधनावर घ्या, आणि निकाल न लागलेल्या केसवरून कोणाचे नाव कापू नका. व्यापाराशी संबंध नसलेल्या, पोटासाठी केलेल्या छोट्या शिकारीच्या जुन्या केसेस सरकारने परत घेण्याचा विचार करावा. सोबत जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज जाईल: या दोन तालुक्यांत आज किती शस्त्र परवाने आहेत, त्यांपैकी पीक संरक्षणासाठी किती, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि विमुक्तांचे किती, गेल्या दहा वर्षांत त्यांचे किती अर्ज नाकारले आणि कोणत्या कलमाखाली. ज्यांनी कधी असा अर्ज केला असेल आणि नाकारल्याचा कागद जपून ठेवला असेल, त्यांनी तो घेऊन यावे. झेरॉक्स आम्ही काढून घेऊ, मूळ कागद कोणाला देऊ नका.